एका ठिणगीचा चिखल्या

१२ मे

केझ,

काल जेवणाच्या रांगेत एकाने पुढच्याच्या तोंडावर ट्रे हाणला आणि त्याचा दात उडून माझ्या मटारांत पडला. मी दात काढून बाजूला ठेवला आणि मटार खाल्ले. इथे मधे हात घातला की आपल्याही नावावर मारामारी लागते, आणि ऑगस्टमध्ये ज्याची पॅरोलची सुनावणी आहे त्याने आंधळं-बहिरं असलेलं बरं. तू म्हणशील ट्रॉय शहाणा झाला. शहाणा नाही, भित्रा झालोय.

आपल्या पानांच्या खेळाची तयारी झाली. खेळाची छापील पानं आत येऊ देत नाहीत, म्हणून तू कळवलंस तशी तुझी सगळी गड्डी मी न्याहारीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर काढली, पिसली आणि उशीखाली ठेवली. तुझी गड्डी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. मी पान मागायचं, तू ओढून कळवायचं. तू मागायचं, मी कळवायचं. पोस्टाने खेळायचं तर दुसरा मार्ग नाही. तू फसवणार नाहीस हे मला माहीत आहे. मी फसवू शकतो हे तुला माहीत आहे, म्हणून आधीच शब्द देतो.

पहिला डाव माझा. चिखल्या उतरवला. नाक मुरडू नकोस. उतरवायची किंमत एक ठिणगी, ताकद एक, हातात मोडका भाला, लढायला शून्य. पण लगेच वेदीवर बळी चढवला, आणि मरता मरता त्याने मला दोन पानं दिली. ती दोन कोणती ते तू कळव. यापेक्षा स्वस्त सौदा जगात नाही.

माझ्या कोठडीत नवा माणूस आलाय. नेव्हिल हॉकिंग, साठीला टेकलेला, मिनलाटनकडचा, गव्हाच्या शेतांवर राबलेला. लायसन्स जप्त झालेलं असताना दारू पिऊन पुन्हा पुन्हा ट्रक चालवत राहिला. बायको वारली, घर भाड्याचं होतं ते गेलं. झोपेत मेंढ्यांना हाका मारतो. समोर मांडायला मी चिखल्याचंही एक पान काढलं, त्यावर त्याचंच तोंड. दाखवलं तर चष्मा लावून बघत बसला आणि म्हणाला, "नाक बरं जमलंय."

आता मुद्द्याचं. पॅरोलवाल्यांना पत्ता लागतो. पत्ता नसेल तर सुनावणी झाली काय आणि न झाली काय, शिक्षा संपेपर्यंत आणखी दोन वर्षं इथेच. आईने दार लावून घेतलंय. तुझी मागची खोली देशील का?

ट्रॉय


वॉलरू, २४ मे

ट्रॉय,

खोली देते. खेकड्यांच्या जाळ्या काढून टाकल्या, भिंत पुसली. वास जायला वेळ लागेल. माझ्याही अंगाचा जात नाही, तर खोलीचं काय.

एक सांगून ठेवते. ज्याचा जबडा तू बिलियर्डच्या काठीने फोडलास तो गॅव्हिन, मी कामाला आहे त्या शेडवर खेकडे घ्यायला येतो. जबडा वाकडाच बसला. हसला की एकीकडून हसल्यासारखा दिसतो, म्हणून हल्ली हसत नाही. मी त्याला वजनापेक्षा जास्त घालते आणि तो काही बोलत नाही. खोली दिली म्हणजे मी ते विसरले असा अर्थ काढू नकोस. मावशीच्या घरात तुझ्याबरोबर वाढले, आता तिने दार लावलं म्हणून मी लावणार नाही, एवढंच.

तुझी दोन पानं: एक "काळी विहीर" आणि एक आणखी चिखल्या. मजा आहे बुवा तुझी. मी या डावात काहीच उतरवलं नाही. माझा डोंगरबैल सहा ठिणग्यांचा, तो यायचा तेव्हा येईल. तुझ्या लेखी मी दर शुक्रवारी क्लबच्या हॉलमध्ये त्याला कुरवाळत बसते आणि हरते. हरते खरी. पण माझ्या टेबलावर डाव संपताना काहीतरी जिवंत असतं. तू जिंकतोस तेव्हा तुझ्या बाजूला वेदी सोडून काही उरलेलं मी पाहिलेलं नाही.

नेव्हिलला लोकरीचे मोजे लागतात का विचार. त्या वयात पाय थंड पडतात.

केरिन


१७ जून

केझ,

तुझं पत्र ऑफिसात अडकून पडलं होतं. "तुझी दोन पानं: एक काळी विहीर आणि एक आणखी चिखल्या" हे वाचून त्यांना वाटलं मी माल मागवतोय. बोलावून घेतलं, वेदी म्हणजे काय, ठिणगी म्हणजे काय, सगळं समजावलं. एका ऑफिसरची बायको हाच खेळ खेळणारी निघाली म्हणून सुटलो; आता आपली पत्रं तो न वाचताच सोडतो. तो म्हणाला, "तिचाही चिखल्याच असतो. घरात शिव्या मला पडतात."

हसून झालं. आता ऐक.

आमच्या विभागात चाव्या ऑफिसरांच्या कमरेला असतात आणि कारभार मॅक डगन चालवतो. आवाज चढवत नाही, कोणाला हात लावत नाही, त्याची माणसं लावतात. गेल्या आठवड्यात लेस नावाच्या माणसाने त्याचा निरोप पोचवायला नकार दिला. त्यांनी किटलीत साखर घालून उकळली आणि लेसच्या तोंडावर ओतली. साखरेचं पाणी ओघळत नाही, चिकटतं. लेस हाताने पुसायला गेला आणि गालाची कातडी हाताला लागून आली. तो ओरडला नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं आणि ओठ चिकटले होते. मी तिथून चार हातांवर कपडे घडी करत होतो. घडी पुरी केली.

नंतर डगन माझ्या कोठडीत आला. बिछान्यावर बसला, माझी पानं बघितली, चांगली काढलीस म्हणाला. मग खिशातून एक मोजा काढून उशीवर ठेवला. आत फोन, आणि घासून धार काढलेली पत्र्याची पट्टी. "तुझी वागणूक चांगली आहे ट्रॉय, तुझी झडती कोणी घेत नाही. थोडे दिवस सांभाळ."

नाही म्हटलं तर किटली. हो म्हटलं आणि सापडलं तर पॅरोल गेलं, वर नवा खटला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

नेव्ह वरच्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. डगन गेल्यावर म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "पण कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस. मला झोपेत बोलायची खोड आहे."

खेळात मन नाही. दुसरा चिखल्या उतरवून ठेवलाय, अजून मारला नाही. तुझं पान ओढलं, "गवताळ कुरण" आलं. मोजे त्याला लागतात म्हणे.

ट्रॉय


वॉलरू, २६ जून

ट्रॉय,

पत्र वाचलं तेव्हा माझ्यासमोर खेकड्यांचं आधण उकळत होतं. मी गॅस बंद करून बाहेर जाऊन बसले. बॉसने विचारलं काय झालं, मी सांगितलं पोटात दुखतंय.

तू आजच्या आज जाऊन सांग. ज्या ऑफिसरची बायको खेळते त्याला सांग. मोजा हातात दे आणि दुसऱ्या विभागात हलवा म्हण, जिथे वेगळे ठेवतात तिथे. भेकड म्हणतील, फितूर म्हणतील. म्हणू देत, तोंड शाबूत राहील. पॅरोलच्या कागदावर कदाचित एक वाईट ओळ येईल. ती मी त्यांच्याशी बोलून निस्तरीन. पॅरोलवाल्यांची बाई खोली बघून गेली. खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला. बरी वाटली. तुमचा भाऊ परत कोणाला मारेल असं वाटतं का, विचारलं. मी खरं ते सांगितलं, की माहीत नाही, पण मारलं तर मीच पोलिसांना बोलावीन. तिने ते लिहून घेतलं.

आणि दुसरं. मी तुला लहानपणापासून खेळताना पाहतेय. टेबलावर अडचण आली की तू आधी सगळ्यांत स्वस्त काय पडलंय ते बघतोस. नेव्हिलला यात ओढू नकोस. तो पान नाही. त्याच्यासाठी मोजे पाठवलेत, राखाडी.

तुला विनवते, सांगून टाक. मला तुझी फार काळजी वाटते.

केरिन


१९ जुलै

केझ,

सुंठीवाचून खोकला गेला. मोजा गेला, मी शाबूत, आणि सुनावणीसाठी मुख्य ऑफिसरने माझ्याबद्दल चार चांगली वाक्यं लिहिलीत. एक गेला, दोन पानं आली.

झालं असं. अचानक झडती आली. मोजा सापडला, नेव्हच्या गादीत. तो म्हणाला, माझाच. एवढंच म्हणाला, दुसरं काही नाही. त्याला शिक्षेच्या कोठडीत नेलं. त्याचं काय जाणार होतं सांग? त्याला पॅरोल मागायचं नव्हतं, शिक्षा थोडीच उरली होती. मी असतो तर दोन वर्षं गेली असती. हिशेब साधा आहे.

पुढचं मात्र वाईट झालं. तो परत आल्यावर डगनच्या माणसांनी त्याला न्हाणीघरात गाठलं. मोज्यात कुलूप घालून गरगर फिरवलं की काय होतं ते तुला माहीत नसेल. कवटीवर लागलं की फरशीवर बरणी पडल्यासारखा आवाज येतो. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा होतो. आवाज मोजले नाहीत. तिघं बाहेर आले तेव्हा एकाने माझ्या टॉवेलला हात पुसले. आत पाणी चालूच होतं, नेव्ह जाळीवर आडवा पडलेला आणि जाळीतून लाल पाणी जात होतं. डावा डोळा जागेवर नव्हता, म्हणजे होता, पण गालावर. मी गार्डला हाक मारली. हाक मीच मारली, हे लक्षात ठेव.

त्याला अॅडलेडच्या इस्पितळात हलवलंय. जिवंत आहे. तिथून तो थेट सुटेल, या नरकात परत यायचं नाही त्याला. एका अर्थी तोही जिंकला.

दुसरा चिखल्या वेदीवर चढवला. माझी दोन पानं कळव. आणि खोलीत एक दिवा लाव, मला अंधारात झोप येत नाही हल्ली.

ट्रॉय


अॅडलेड, २५ जुलै

आदरणीय केरिनबाई,

आपली ओळख नाही, पण मोज्यांची आहे. ते माझ्या पायांत आहेत. अक्षर वाकडं येईल, एका डोळ्याने रेघ सापडत नाही. नर्स लिहून देते म्हणाली, पण आभाराचं पत्र स्वतः लिहावं असं माझी बायको म्हणायची.

आभार खोलीचे. तुम्ही मला खोली द्यायला कबूल झालात हे ट्रॉयने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. तो म्हणाला, "माझी बहीण शब्दाची पक्की आहे. तू फक्त मोजा माझा म्हण, सुटलास की समुद्राजवळ खोली, जेवण, आणि भाड्याचं नाव नाही." मी म्हटलं चालेल. साठीच्या माणसाला त्याच्यापुढे दोन आठवडे एकांतकोठडी काय जड. सुटल्यावर कुठे जायचं याच विचाराने माझी झोप उडाली होती. गाडीत झोपायचं म्हटलं तर गाडीही राहिली नाही.

न्हाणीघराचं ठरलेलं नव्हतं. ते लोक मला सारखे विचारत होते, कोणाला सांगितलंस, कोणाला सांगितलंस. मी कोणाला सांगणार? नाव माहीत असतं तर कदाचित सांगितलंही असतं, एवढा मार होता. ट्रॉय तेव्हा तिथे नव्हता, असता तर मधे पडला असता. पोराचं मन चांगलं आहे.

मला स्वयंपाक येतो, कोकराचं मांस चांगलं करतो. जाळीही विणतो. दारू इथे बंद झालीच आहे. ऑगस्टच्या शेवटी सोडतील. बसने येऊ का, की तुम्हाला दुसरा दिवस सोयीचा आहे?

आपला,
नेव्हिल हॉकिंग


वॉलरू, २ ऑगस्ट

ट्रॉय,

नेव्हिलचं पत्र आलं. माझी खोली तू त्याला विकलीस. मी तुला दिलेली, जास्तीची एकच खोली, एकच खाट. त्याच्याकडून किंमत घेतलीस आणि माल पोचवायचा तुझा विचार नव्हता. मला कळवलंसुद्धा नाहीस. तो सुटल्यावर वॉलरूच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभा राहिला असता आणि मी त्याला ओळखलंही नसतं.

आता एकाच प्रश्नाचं उत्तर दे. झडती कोणाच्या सांगण्यावरून आली? "अचानक आली" असं लिहू नकोस. तुझी झडती कोणी घेत नाही हे तूच लिहिलं होतंस. आणि मुख्य ऑफिसर उगाच चार चांगली वाक्यं लिहीत नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत मी थांबणार नाही, कारण मला ते माहीत आहे. पॅरोलच्या बाईला मी फोन केला. सांगितलं, खोली आता रिकामी नाही, तिथे नेव्हिल हॉकिंग राहणार आहे. तिने विचारलं, मग तुमच्या भावाचं? मी म्हटलं, त्याच्यासाठी माझ्याकडे जागा नाही. ती म्हणाली, पत्त्याशिवाय सुनावणी पुढे सरकणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

तुला तिथे काय होऊ शकतं तेही मला माहीत आहे. मी तुझ्यावर रागावलेय, एवढी की तुझं तोंड समोर आलं तर मीच फोडीन, आणि तरीही तुला कोणी हात लावू नये असं मला वाटतं. दोन्ही खरं आहे. पण शब्द माझ्या नावाने दिलास. तो मी पाळणार.

पानं ओढली नाहीत. ओढणार नाही.

केरिन


२३ ऑगस्ट

केरिन,

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची बोटं कोठडीच्या दारात घालून दार ओढलं. तिघांनी धरलं होतं, चौथ्याने ओढलं. हाड मोडतं तेव्हा दुखत नाही, दार परत उघडतात तेव्हा दुखतं.

तुला उत्तर हवं होतं ना. हो, झडती मी आणवली. तूच म्हणालीस सांगून टाक. मी सांगितलं, फक्त मोजा आधी नेव्हच्या गादीत सरकवला आणि मग सांगितलं. डगनने विचारलं कोण फुटला. मी म्हणालो, मला काय माहीत, पण म्हातारा झोपेत बोलतो. एवढंच म्हणालो. मारा म्हणालो नाही.

नाकाने कांदे सोलू नकोस. तू समुद्रावर खेकडे उकळतेस आणि मला माणुसकी शिकवतेस. इथे रोज कोणाचा तरी बळी जातो, माझ्या जागी नेव्ह गेला, नेव्हच्या जागी मी गेलो असतो. कोणी तरी स्वस्त असतंच. मी फक्त तो मी नसावा म्हणून धडपडलो.

सुनावणी दहा मिनिटांत संपली. पत्ता नाही, पुढची तारीख. ती बातमी विभागात पोचली तशी डगनला प्रश्न पडला, की ज्याचं पॅरोल नक्की होतं त्याचं गेलं कसं आणि आधी नक्की झालं तरी कसं. तो हुशार आहे. चार चांगल्या वाक्यांचा अर्थ त्यालाही लागला. लेसच्या वेळची किटली माझ्या कोठडीसमोर आणून ठेवलीय. अजून पाणी भरलेलं नाही. रोज सकाळी मी बघतो.

डाव छान खेळलीस. मला वेदीवर चढवलंस. माझ्या बदल्यात तुला काय मिळालं, ते तरी सांग.

ट्रॉय


वॉलरू, ८ सप्टेंबर

ट्रॉय,

काय मिळालं ते सांगते.

एक माणूस मिळाला, जो खुर्ची भिंतीला टेकवल्याशिवाय बसत नाही. आंघोळीला दार उघडं ठेवतो आणि मला सांगतो, "केरिनबाई, तुम्ही तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी वाजवत राहा." मग मी भांडी वाजवत राहते. डोळ्याच्या खोबणीत अजून पू होतो, तो मी सकाळ-संध्याकाळ पुसते. पहिल्यांदा पुसला तेव्हा मागच्या अंगणात जाऊन ओकले. कप धरायला जातो आणि हात कपाच्या बाजूने जातो. गॅव्हिनला मी घरी मांस-बटाटा भरलेली पेस्टी खायला बोलावलं होतं. एकाचा जबडा, दुसऱ्याचा डोळा, मधे मी सॉसची बाटली घेऊन. दोन्ही कामं तुझीच. तेव्हा मला रडू आलं.

नेव्हला मी सगळं सांगितलं. त्याला तू भला वाटत होतास आणि ते ऐकून घेणं मला जमेना. तो जेटीवर गेला, बराच वेळ आला नाही. परत येऊन म्हणाला, "मला वाटलंच होतं."

मी विचारलं, "मग कबूल कशाला झालात?"

"खोली होती ना," म्हणाला.

तुझं पत्रही त्याने वाचून घेतलं, किटलीपर्यंत. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जाळी विणता विणता म्हणाला, "त्याला येऊ द्या. मी अंगणातल्या जाळ्यांच्या शेडमध्ये झोपेन." मी म्हटलं, तुम्हाला त्याची भीती वाटत नाही? म्हणाला, "वाटते. पण त्याला तिथे ठेवून मला झोप लागत नाही. लेसला मी पाहिलंय."

तेव्हा ऐक. नेव्ह शेडमध्ये झोपणार नाही, मी झोपेन. तू माझ्या खोलीत. पॅरोलच्या बाईशी बोलले, ती या आठवड्यात तुला भेटेल. पत्ता आहे का विचारेल, तू फक्त हो म्हण. पुढच्या सुनावणीपर्यंत तुला वेगळं ठेवायची सोयही ती बघते म्हणाली, पत्ता असेल तर.

अट एकच. आम्ही तिघं रोज एका टेबलावर जेवणार. नेव्ह समोर बसेल. तू मान खाली घालून जेवायचं नाहीस. त्याच्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचंस, सगळ्या तोंडाकडे. माफी मागू नकोस, त्याने ती मागितलेली नाही. फक्त बघायचंस.

मी तुला पानं ओढायला मारलं नव्हतं रे. घरी ये.

केरिन


२० सप्टेंबर

केझ,

बाई आली होती. पत्ता आहे का विचारलं. मी नाही म्हणालो.

तिने तुझं नाव घेतलं, कागद दाखवला, खिडकीबद्दल सांगितलं. मी पुन्हा नाही म्हणालो. ती म्हणाली, तुमच्या हाताकडे बघून मला वाटतं तुम्ही विचार करावा. मी विचार केला होता, केझ. तुझं पत्र आल्यापासून तेवढंच केलं. टेबल मांडलं, तू बसलीस, पेस्टी आली, नेव्ह समोर बसला. त्याने मीठ मागितलं. मीठ द्यायचं तर मान वर करावी लागते. तिथून पुढे मला जाता आलं नाही, एकदाही नाही.

किटलीत आज सकाळी पाणी होतं. साखर कोणीतरी आणतोय. मला भीती वाटते, रडायला येतं, खोटं कशाला सांगू. पण डगन समोर उभा राहिला तर मी त्याच्याकडे बघू शकतो, त्याचं मी काही घेतलेलं नाही.

शेडमध्ये झोपू नकोस, गारठा असतो. खोली नेव्हची आहे, त्याच्याकडेच राहू दे. आंघोळीच्या वेळी भांडी वाजवत जा.

ट्रॉय